एक महिन्याची परदेश सेवा आणि परतल्यावरची साक्ष

चर्चच्या मंडळीतला तरुण, निवृत्त शिक्षिका किंवा परिचारिका महिनाभराच्या सेवेसाठी नेपाळला, श्रीलंकेला किंवा केनियाला निघाली की तयारीला जोर येतो. वर्गणी गोळा होते, पासपोर्टची धावपळ होते, उपासनेत प्रार्थना होते. परतल्यावर मंडळीपुढे उभं राहून काय सांगायचं, याचा विचार मात्र विमानात बसल्यावरही कोणी करत नाही. माझ्या मते त्या महिन्यातली सर्वांत टिकाऊ गोष्ट तीच असते. तुम्ही रंगवलेली भिंत दोन पावसाळ्यांत पुन्हा रंगवावी लागेल, शिकवलेली गाणी पुढच्या पाहुण्यांच्या गाण्यांमागे जातील; पण तिथल्या माणसांचं जे चित्र तुम्ही इथल्या शंभर-दोनशे लोकांच्या मनात उभं कराल, ते वर्षानुवर्षं राहील आणि पुढची वर्गणी, पुढची प्रार्थना, पुढचा गट त्याच चित्राच्या आधारे ठरेल. म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाला माझं एक सांगणं आहे. परतल्यावर द्यायची साक्ष अशी असली पाहिजे, की जिथे सेवा केली तिथल्या लोकांना एकत्र बसवून, त्यांच्या भाषेत, एकही वाक्य न गाळता ती वाचून दाखवता यावी. ही कसोटी जाण्याआधीच लावली, तर कोणतं काम स्वीकारायचं, कोणाच्या हाताखाली राहायचं, फोटो कोणाचे काढायचे आणि वहीत काय लिहायचं, हे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

कुरुंदवाडसारख्या ठिकाणाहून हे सांगण्याला कारण आहे. कृष्णा-पंचगंगेचा हा पट्टा शंभर वर्षांहून अधिक काळ दुसऱ्या कोणाच्या तरी साक्षीचा विषय होता. रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि दोन दशकांहून अधिक काळ इथे राबले. प्रकृतीमुळे मायदेशी परतल्यावर त्यांनी १८७८ मध्ये प्रिन्स्टनहून मिशनकार्याला वाहिलेलं एक नियतकालिक सुरू केलं, आणि ते पुढे कितीतरी वर्षं चाललं. म्हणजे कोल्हापूर पाहिलेल्या माणसाच्या लेखणीने अमेरिकेतल्या असंख्य घरांना परदेशातल्या मिशनकार्याची ओळख करून दिली. त्या काळच्या मिशन अहवालांत परदेशी कार्यकर्त्यांची नावं, आजारपणं आणि प्रवास सविस्तर येतात. घरोघर जाणाऱ्या बायबल-बाया, खेड्यातल्या शाळेचा मास्तर, वैरणीच्या गाडीतून पुढच्या गावाला जाणारा सुवार्तिक हे मात्र बहुतेक वेळा संख्येपुरतेच उरतात. काम मोठं होतं, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण ज्यांच्या आजी-पणजीची त्या अहवालांत केवळ मोजदाद झाली, त्यांच्या वारसांनी परदेशी जाऊन पुन्हा तसेच अहवाल लिहू नयेत, एवढी अपेक्षा रास्त आहे.

याच वाइल्डर कुटुंबात एका महिन्याबद्दल शिकण्यासारखी घटना घडली. रॉयल वाइल्डर यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे अमेरिकन सुवार्तिक ड्वाइट मूडी यांनी भरवलेल्या विद्यार्थी मेळाव्याला तो गेला. मेळावा जेमतेम महिनाभराचा, विद्यार्थी २५१. तो संपेपर्यंत त्यांतल्या शंभर जणांनी परदेशी मिशनकार्यासाठी आयुष्य देण्याची तयारी दाखवली, आणि त्यातूनच विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली. महिनाभरात काहीच होत नाही, असं मी म्हणत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावं. पण त्या महिन्यात झालं काय, ते नीट पाहा. तिथे कोणी कोणाला मदत केली नाही. तरुण ऐकत होते, प्रार्थना करत होते, आपल्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांचं काय करायचं ते ठरवत होते. मेळाव्यानंतर रॉबर्ट वाइल्डर एका सोबत्याला घेऊन महाविद्यालयामागून महाविद्यालय फिरला आणि त्या महिन्यातल्या निर्णयाचा पाठपुरावा करत राहिला. महिना मोलाचा ठरला तो त्याच्या पुढे जोडलेल्या वर्षांमुळे.

जवळच्या मिरजेचा इतिहासही हेच सांगतो. मिशनरी डॉक्टर विल्यम वान्लेस १८८९ मध्ये भारतात आले, आधी सांगलीत काम केलं, १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं आणि १९२८ पर्यंत तिथेच राहिले. जवळजवळ चाळीस वर्षं. त्यांच्या शस्त्रक्रियांची कीर्ती दूरवर गेली, हे इथल्या सर्वांना ठाऊक आहे. पण माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं हे, की रुग्णालय सुरू झाल्यावर थोड्याच वर्षांत त्यांनी इथल्याच तरुणांना वैद्यकीचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. आपण नसताना काम चाललं पाहिजे, हा विचार त्यामागे होता. चाळीस वर्षं राहणाऱ्याला जर हे सुचलं, तर तीस दिवसांसाठी जाणाऱ्याने आपण गेल्यावर काय उरेल हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा. तुम्ही परिचारिका असाल, तर स्वतः दोनशे जणांचा रक्तदाब तपासण्यापेक्षा तिथल्या दोन आरोग्य सेविकांना तो नीट मोजायला, नोंदवायला आणि कोणाला रुग्णालयात धाडायचं ते ओळखायला शिकवा. रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या वाटून निघून येणं धोक्याचं आहे, कारण ती औषधं मध्येच तुटता कामा नयेत. शिवाय आपल्याकडची नोंदणी परदेशात चालतेच असं नाही. तिथल्या वैद्यकीय परिषदेची परवानगी नसेल, तर डॉक्टर आणि परिचारिका दोघांनीही रुग्णाला हात न लावता शिकवण्याचंच काम घ्यावं.

महिनाभर राहणाऱ्याला एखादं गाव किती समजू शकतं, याचा अंदाज आपल्याच गावावरून घ्या. कुरुंदवाडात गणेशोत्सव आणि मोहरम एकत्र आले, की मशिदींत गणपती बसतो. पलीकडे नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी दत्ताच्या पादुकांवरून वाहतं, तेव्हा लोक संकट विसरून दक्षिणद्वाराच्या स्नानाला गर्दी करतात. परदेशातून महिन्यासाठी आलेल्या सुशिक्षित, सद्हेतू असलेल्या पाहुण्याने हे पाहिलं तर तो काय लिहील? एक तर सगळं गोंधळाचं आहे असं लिहील, नाही तर सगळं स्वर्गीय आहे असं. दोन्ही चूक. त्यामागे संस्थानी काळापासूनचे शेजार, देणी-घेणी, रुसवे-फुगवे, जाणत्या माणसांनी वेळोवेळी काढलेले मार्ग आहेत, आणि ते कळायला इथे राहावं लागतं. मग काठमांडूच्या एखाद्या वस्तीत किंवा श्रीलंकेच्या चहामळ्यात तीस दिवस काढून ‘इथले लोक असे आहेत’ हे वाक्य आपण तरी कोणत्या अधिकाराने बोलावं? वहीत असं वाक्य उतरलं, की त्याच्या जागी ‘अमुक घरात अमुक दिवशी मी हे पाहिलं, आणि त्याचं कारण त्यांनी असं सांगितलं’ असं लिहा. कारण विचारलं नसेल तर ते विचारून या, मग लिहा.

मदतीच्या बाबतीतही आपला अनुभव ताजा आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोळ तालुक्याने बाहेरून आलेली मदत घेतली. माणसं मनापासून आली, ट्रक भरून आले. पण पूर ओसरल्यावर हवं असतं ते घरातला गाळ काढायला मनुष्यबळ, जनावरांना वैरण, भिजलेल्या कागदपत्रांच्या नकला, बंद पडलेली मोटर दुरुस्त करणारा माणूस. बाहेरून येणाऱ्याला हे आधी विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारणारे थोडेच. परदेशी जाणाऱ्या गटाने म्हणूनच यजमान मंडळीला निदान तीन महिने आधी लिहावं, आणि ‘आम्ही काय करू शकतो’ याऐवजी ‘तुमचं कोणतं काम माणसांअभावी अडलं आहे’ असं विचारावं. उत्तर ‘काही नाही, नुसते भेटायला या’ असं आलं, तर तसंच जावं. भेटायला जाणं ही कमी दर्जाची सेवा नाही. नको असलेलं काम यजमानाच्या गळ्यात बांधणं मात्र नक्कीच कमी दर्जाचं आहे.

पैशाचा हिशेब इथेच मांडायला हवा, कारण तो टाळण्याकडे मंडळ्यांचा कल असतो. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये उत्तर अमेरिकेतल्या चर्चच्या गटांनी घरं बांधली. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास करून २००६ च्या सुमारास निष्कर्ष मांडले. स्थानिक संस्थेला एक घर साधारण २,००० डॉलरमध्ये बांधता येत होतं; गटाने येऊन बांधलेल्या घरामागे प्रवासासकट सुमारे ३०,००० डॉलर खर्च होत होते. घर मिळालेल्या कुटुंबांच्या दृष्टीने ते कोणी बांधलं याने विशेष फरक पडला नव्हता. आणि जाऊन आलेल्यांच्या देण्यात आणि प्रार्थनेत त्यांना वाटला होता तेवढा टिकाऊ बदलही आढळला नाही. व्हर बीक स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती, होंडुरासमध्ये राहून काम करणारे. त्यांचा आक्षेप सेवेला नव्हता. त्याहून कितीतरी आधी, १९६८ मध्ये, इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने मेक्सिकोला उन्हाळी सेवेसाठी निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं, की पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. इलिच यांचं टोक मला मान्य नाही. कारण एका मंडळीने दुसऱ्या मंडळीच्या सुखदुःखात शरीराने हजर राहणं हा ख्रिस्ती जीवनाचा भाग आहे, आणि तो पैसे पाठवून पुरा होत नाही. पण व्हर बीक यांच्या आकड्यांना उत्तर द्यावंच लागतं, आणि माझं उत्तर असं: जेवढा खर्च प्रवासावर तेवढीच रक्कम यजमान मंडळीच्या हाती, तिच्या मर्जीने खर्चायला, असा नियम गटाने आधीच करावा. एवढं जमत नसेल तर दहांऐवजी चौघांनी जावं.

आपल्या भागातून सर्वांत सोपा परदेश म्हणजे नेपाळ. व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. लिपी देवनागरी, त्यामुळे दुकानांच्या पाट्या वाचता येतात आणि भाषा येते असा भास होतो. तो भासच आहे. दोन-तीन महिने आधीपासून बोलीतली शंभर वाक्यं पाठ करा. तिथल्या मंडळ्या उपासनेला शनिवारी जमतात, कारण साप्ताहिक सुटी शनिवारची. आयुष्यभर रविवारची सवय असलेल्याला ते पहिल्यांदा अवघड वाटेल, पण त्यांच्या वेळेनुसार आपला आठवडा बदलणं ही सेवेची पहिली पायरी समजा. सर्वांत गंभीर गोष्ट कायद्याची. २०१५ च्या संविधानाने नेपाळमध्ये दुसऱ्याचं धर्मांतर करणं निषिद्ध ठरवलं आहे, फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि परकीय व्यक्तीला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढता येतं. असे कायदे योग्य की अयोग्य, यावर मतं असू शकतात. पण पाहुणा महिन्याने घरी येतो आणि पोलीस चौकशीला तोंड तिथल्या पाळकाला द्यावं लागतं. रस्त्यावर पत्रकं वाटून मिळवलेल्या तुमच्या धाडसाच्या आठवणीची किंमत तो भरतो. त्यामुळे यजमान सांगतील त्या मर्यादेत, शब्दशः त्या मर्यादेतच, वागणं हा सेवेचा भाग आहे.

कोणी म्हणेल, मग सुवार्तेचं काय? नेपाळच्याच इतिहासात त्याचं उत्तर आहे. १९५१-५२ च्या हिवाळ्यात पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट फ्लेमिंग यांच्या मोहिमेसोबत काही डॉक्टर तानसेन या ठिकाणी गेले आणि त्यांनी काही आठवडे दवाखाना चालवला. त्या थोड्या आठवड्यांतून ओळख झाली, पुढे परवानगी मिळाली, आणि १९५४ मध्ये युनायटेड मिशन टु नेपाळ ही संस्था स्थापन झाली. धर्मप्रचार करायचा नाही या अटीवर तिने रुग्णालयं, शाळा, वीजप्रकल्प अशी कामं दशकानुदशकं केली. नेपाळी चर्च वाढलं ते नेपाळी विश्वासणाऱ्यांच्या हातून, त्यांच्या तुरुंगवासातून, त्यांच्या भाषेतून. परदेशी माणसाने बोलण्यावर बंधन स्वीकारलं म्हणून सुवार्ता थांबली नाही. ज्यांची ती होती त्यांनी ती सांगितली. महिनाभरासाठी जाणाऱ्याला यात दडपणातून सुटकाही आहे. सगळं आपणच सांगितलं पाहिजे, हे ओझं घेऊन जायची गरज नाही.

मुलांबद्दल स्वतंत्रपणे आणि कडक शब्दांत लिहायला हवं. अनाथाश्रमात एक आठवडा घालवणं हा अशा दौऱ्यांचा ठरलेला भाग झाला आहे, कारण मुलं पटकन बिलगतात आणि फोटो चांगले येतात. २०१५ च्या भूकंपानंतर युनिसेफने नेपाळमधल्या अशा स्वयंसेवेविरुद्ध इशारा दिला होता. तिथल्या बालगृहांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून गरीब घरांतली मुलं गावाकडून आणून ठेवली जातात. शिवाय दर महिन्याला नवा माणूस येतो, जीव लावतो आणि निघून जातो, याची जखम मुलाच्या मनाला होते. म्हणून आश्रमभेट दौऱ्यातून वगळा. मुलांसाठी काही करायचंच असेल, तर कुटुंबाला घरच्या घरी आधार देणाऱ्या स्थानिक कामाला पैसे द्या. फोटोंचा नियमही साधा ठेवा: ज्या अवस्थेतला आपल्या मुलाचा फोटो शिरोळच्या बसस्थानकावर लागलेला आपल्याला चालणार नाही, त्या अवस्थेतला कोणाच्याही मुलाचा फोटो काढू नका. आजारी, रडणारं, अर्धउघडं, जेवणाच्या रांगेतलं मूल हे तर कधीच नाही. मोठ्यांचे फोटोही विचारून, आणि ते कुठे दाखवणार हे सांगून.

आता वहीबद्दल, कारण आठवणी तिथेच घडतात. रोज रात्री अर्धा तास लिहा, पण आपल्या भावनांपासून सुरुवात करू नका. आधी त्या दिवशी कोणाकडून काय शिकलात ते लिहा, मग काम, आणि शेवटी स्वतःला काय वाटलं ते. हा क्रम क्षुल्लक वाटतो, पण परतल्यावर साक्ष कोणाभोवती फिरेल ते तो ठरवतो. आदर्श हवा असेल तर पंडिता रमाबाईंचा घ्या. १८८६ ते १८८८ या काळात त्या अमेरिकेत होत्या, भाषणं देत होत्या, इथल्या विधवांच्या शाळेसाठी मदत उभी करत होत्या. त्यांच्याकडे सांगण्यासारखे सत्कार आणि प्रसंग किती असतील! तरी १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या पुस्तकाचा मोठा भाग त्या देशाची शासनपद्धती, शिक्षण, घरं, स्त्रियांच्या संस्था यांनी व्यापला आहे. जे घेण्यासारखं ते त्यांनी मोकळेपणाने वाखाणलं, आणि काळ्या व मूळनिवासी लोकांवरचा अन्यायही लिहून ठेवला. यजमानाबद्दल आदर ठेवून खरं कसं लिहायचं, याचा मराठीतला हा नमुना आजही जवळ ठेवण्यासारखा आहे. वहीत स्थानिक माणसांची नावं नीट लिहा: स्वयंपाक करणाऱ्या ताई, दुभाषा, गाडी चालवणारा भाऊ. ती मंडळीपुढे मोठ्याने घेता यावीत म्हणून त्यांची परवानगी घ्या, आणि जिथे विश्वास उघड करणं धोक्याचं आहे तिथे नाव अजिबात लिहू नका, फोनमध्येही नको.

यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेते. इतक्या अटी घातल्या तर साक्ष कोरडी होईल, लोकांचं मन हलणार नाही, पुढच्या वेळी कोणी जाणारच नाही. मन हलायला हवं, यात दुमत नाही. पण दया येईल अशी गोष्ट ऐकून जे मन हलतं, ते पुढच्या दयनीय गोष्टीपर्यंतच हललेलं राहतं. त्याऐवजी सांगा, की भूकंपात घर गेलेल्या पाळकाने मंडळी पुन्हा कशी जमवली, तिथल्या महिला संघाने बचतगट कसा चालवला, उपासनेनंतर कोण कोणाच्या घरी जेवायला जातं. ऐकणाऱ्याच्या मनात आदर निर्माण झाला, तर तो विचारेल की आपल्या महिला संघाला हे जमेल का. तिथून नातं सुरू होतं. जाणाऱ्यांची गर्दी थोडी कमी होईल, आणि ते चालेल.

परतल्यावर पहिल्या रविवारी साक्ष देण्याची घाई करू नका. दोन आठवडे थांबा. मजकूर लिहून काढा, आधी यजमान पाळकाला पाठवा, कुणाकडून तरी त्यांच्या भाषेत करून घ्या, आणि चुका, राहिलेली नावं, नको असलेले उल्लेख दुरुस्त करून मगच मंडळीपुढे उभे राहा. खर्चाचा हिशेब त्याच दिवशी वाचून दाखवा. सहा महिन्यांनी यजमानांना पत्र लिहून विचारा, की तुम्ही केलेल्या कामाचं पुढे काय झालं, आणि उत्तर निराशेचं असलं तरी तेही मंडळीत वाचा. पुढच्या वर्षीच्या प्रवासखर्चातून एक-दोन तिकिटं त्यांच्याकडच्या माणसांना इकडे बोलावण्यासाठी काढून ठेवा, आणि त्यांना शिरोळ-मिरज भागातल्या मंडळ्यांत बोलू द्या. परदेशात स्थायिक झालेल्या आपल्याच नात्यातल्या ओसीआय कार्डधारकांना सेवेला बोलावणार असाल, तर एवढं लक्षात ठेवा, की २०२१ पासून मिशनरी कामासाठी त्यांना वेगळी सरकारी परवानगी घ्यावी लागते. ती अर्ज करून मिळेपर्यंत तारीख ठरवू नका.